नदीतले पाणी पावसाचे की भूजलाचे? समस्थानिकांच्या साह्याने शोध घेण्याची पद्धत

पश्चिम महाराष्ट्राच्या पठारावरील नद्यांना हिमाचा आधार नाही. परतीचा पाऊस थांबून महिना-दीड महिना लोटला, तरी एखाद्या ओढ्याला पाणी वाहत असेल, तर ते एक तर जमिनीतून पाझरून आलेले असते, किंवा धरणातून अथवा कालव्यातून सुटलेले असते, किंवा वरच्या गावाचे सांडपाणी असते. डोळ्यांना हे तिन्ही प्रकार सारखेच दिसतात. पाण्याच्या रेणूंतील जड आणि हलक्या अणूंचे प्रमाण मोजून त्यांतला फरक ओळखता येतो, आणि या कामासाठी आज प्रत्येकाकडे प्रयोगशाळा असण्याची गरज उरलेली नाही; नमुना नीट घेतला आणि योग्य ठिकाणी पाठवला, तर भूगोल किंवा पर्यावरणशास्त्राचा विद्यार्थी, पाणलोट विकासात काम करणारी संस्था किंवा एखादे महाविद्यालयही असा अभ्यास करू शकते. मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी, की नदीचे पाणी तपासणे हा या कामाचा सोपा भाग आहे. नदीला पाणी देणारे स्रोत कोणते आणि त्यांची ओळख एकमेकांपासून पुरेशी वेगळी आहे का, हे आधी सिद्ध करण्यातच खरी मेहनत असते.

पुढील विवेचनासाठी पुणे जिल्ह्यातील कऱ्हा नदी डोळ्यांसमोर ठेवली आहे. पुरंदर तालुक्यात गराड्याच्या परिसरात उगम पावून ती सासवडजवळून, जेजुरीजवळच्या नाझरे धरणातून, पुढे मोरगाव आणि बारामतीवरून वाहत जाते आणि सोनगावाजवळ नीरेला मिळते. हे खोरे पर्जन्यछायेतले आहे. पण त्याच्या खालच्या भागात नीरा डावा कालवा भाटघर आणि वीर धरणांतले, म्हणजे सह्याद्रीच्या पावसाचे पाणी आणून सोडतो. एकाच नदीच्या वरच्या आणि खालच्या टप्प्यात प्रश्न किती बदलतो, हे समजण्यासाठी याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही. खाली दिलेले आकडे मात्र पद्धत समजावण्यासाठी गृहीत धरलेले आहेत. ते कऱ्हेची मोजमापे नव्हेत.

समस्थानिक म्हणजे काय, आणि कोणते आकडे वाचायचे

एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंना समस्थानिक म्हणतात. ऑक्सिजनचे बहुतेक अणू १६ वस्तुमानांकाचे असतात. दर हजार अणूंमागे सुमारे दोन अणू १८ वस्तुमानांकाचे, म्हणजे जड असतात. हायड्रोजनच्या बाबतीत जड अणू, म्हणजे ड्यूटेरियम, दहा लाखांमागे सुमारे १५६ इतकाच सापडतो. पाण्याची वाफ होताना हलके रेणू अधिक सहज निसटतात आणि वाफेचे पुन्हा पाणी होताना जड रेणू आधी खाली येतात. त्यामुळे समुद्र, ढग, पहिला पाऊस, नंतरचा पाऊस, तलावात साठून राहिलेले पाणी, या प्रत्येकाची घडण किंचित वेगळी होते.

हा फरक इतका सूक्ष्म असतो, की तो थेट टक्क्यांत लिहिणे गैरसोयीचे ठरते. म्हणून व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ठरवलेल्या प्रमाण समुद्रजलाशी तुलना करून तो प्रतिसहस्र, म्हणजे हजारात किती, अशा डेल्टा मूल्यात सांगतात. प्रमाण समुद्रजलाचे मूल्य शून्य धरलेले असल्याने आपल्याकडच्या पावसाची आणि विहिरींची मूल्ये बहुधा ऋण येतात. आकडा जितका अधिक ऋण, तितके पाणी हलके. नवख्या माणसाची गल्लत नेमकी इथे होते, तेव्हा ‘जास्त’ आणि ‘कमी’ हे शब्द टाळून ‘जड’ आणि ‘हलके’ असेच म्हणण्याची सवय लावून घ्यावी.

हार्मन क्रेग यांनी १९६१ मध्ये दाखवून दिले, की जगभरच्या पर्जन्यजलाची ही दोन मूल्ये एका सरळ रेषेवर पडतात : ड्यूटेरियम = ८ × ऑक्सिजन-१८ + १०. उघड्यावर साठलेले पाणी बाष्पीभवनाने कमी होऊ लागले, की ते या रेषेवरून उजवीकडे, साधारण ४ ते ६ उताराच्या वेगळ्या रेषेने सरकत जाते. विली डान्सगार्ड यांनी १९६४ मध्ये याच विचलनासाठी एक सोपे माप रूढ केले. ड्यूटेरियमच्या मूल्यातून ऑक्सिजनच्या मूल्याची आठपट वजा केली, की मिळणाऱ्या आकड्याला ड्यूटेरियम-आधिक्य म्हणतात. ताज्या पावसात ते दहाच्या आसपास असते आणि उन्हात तापलेल्या साठ्यात घटत जाते. आपल्या कामाला ही तीन मूल्ये पुरतात.

भूजलाचा या पद्धतीला होणारा उपयोग त्याच्या संथपणात आहे. पावसाचे मूल्य दर दिवशी बदलते. वळवाचा पाऊस कोरड्या हवेतून पडताना वाटेतच थोडा आटतो आणि म्हणून जड असतो. मोसमाच्या ऐन भरातला सलग पाऊस हलका, आणि बंगालच्या उपसागरावरून आलेल्या कमी दाबाच्या पट्ट्यांचा सप्टेंबर-ऑक्टोबरमधील पाऊस बहुधा त्याहूनही हलका असतो. जमीन मात्र या सगळ्या पावसांची सरासरी काढते, त्यामुळे विहिरीच्या पाझराचे मूल्य वर्षभरात फारसे हलत नाही. एका बाजूला हलते पाणी आणि दुसऱ्या बाजूला स्थिर पाणी असल्यामुळेच नदीत कोणाचा वाटा किती, हे काढता येते.

आधी प्रश्न, मग बाटल्या

‘कऱ्हेला भूजल मिळते का’ हा प्रश्न अभ्यासासाठी फार सैल आहे. ‘ऑगस्टमधल्या एका पुराच्या पाण्यात आधीपासून जमिनीत असलेल्या पाण्याचा वाटा किती’ हा एक प्रश्न झाला. ‘जानेवारीत मोरगावच्या खाली वाहणारे पाणी स्थानिक पाझराचे की कालव्याचे’ हा दुसरा. पहिल्यासाठी दर काही तासांनी नमुना लागतो आणि काम तीन-चार दिवसांत संपते. दुसऱ्यासाठी नदीच्या काठाने चालत जाऊन ठिकठिकाणी नमुने घ्यावे लागतात आणि तेच पुन्हा काही महिन्यांनी करावे लागते. दोन्ही एकदम करू नयेत.

प्रश्न ठरला, की खोरे पायी पाहून घ्यावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातून निरीक्षण विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी मिळवाव्यात, म्हणजे कोणत्या काळात विहिरीतील पाणी नदीपात्राच्या पातळीहून उंच असते, हे कळते. पातळी खाली असेल, तर नदीच भूजलाला पाणी देत असते आणि मग सगळा प्रश्नच उलटा होतो. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये हे दर दोन-तीन किलोमीटरवर बदलू शकते, कारण पाणी मुरुमाच्या आणि मांजऱ्या, म्हणजे सच्छिद्र, खडकाच्या थरातून चालते, घट्ट काळ्या पाषाणापाशी अडते, आणि दोन लाव्हाथरांमधला तांबडा गेरूचा पट्टा किंवा एखादी डाईक, म्हणजे खडकात उभी घुसलेली लाव्हाची भिंत, त्याला आडवे वळवते. या बाबतीत काठावरचे शेतकरी सर्वांत उपयोगी माहिती देतात. कोणत्या विहिरीला उमाळा कोणत्या अंगाने आहे, ओढ्याच्या कोणत्या डोहात मार्चमध्येही पाणी थंड लागते, कालव्याचे आवर्तन, म्हणजे ठरावीक काळाने सोडले जाणारे पाणी, सुटले की किती दिवसांनी विहीर चढते, हे त्यांना पक्के ठाऊक असते. ही उत्तरे वहीत तारखेसह लिहून ठेवावीत.

नमुने घेणे

या टप्प्यावर झालेली चूक पुढे कोणतेही यंत्र दुरुस्त करू शकत नाही, म्हणून यावर थोडे थांबणे भाग आहे.

साठ मिलिलिटरची, आतून दुसरे घट्ट बूच असलेली जाड प्लॅस्टिकची किंवा काचेची बाटली घ्यावी. त्याच पाण्याने ती दोन-तीनदा विसळावी, पाण्याखाली धरून काठोकाठ भरावी आणि आत हवेचा बुडबुडा राहू न देता बंद करावी. बाटलीतली थोडी हवासुद्धा बाष्पीभवनाला जागा देते आणि नमुना जड करते. आम्ल किंवा अन्य कोणतेही परिरक्षक घालण्याची गरज नसते. पाणी गढूळ असेल, तर ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळले म्हणजे झाले. बाटली सावलीत ठेवावी. शाईने लिहिलेले लेबल ओल्या पिशवीत पुसले जाते, त्यामुळे क्रमांक बाटलीवर आणि बुचावर, दोन्हीकडे पक्क्या मार्करने लिहावा.

पावसासाठी पाच लिटरचा कॅन, वर नरसाळे आणि नरसाळ्यातून थेट कॅनच्या तळापर्यंत जाणारी नळी, एवढी जुळणी पुरेशी असते. नळीचे तोंड पाण्यात बुडालेले राहिले, की साठलेले पाणी उडून जात नाही. आतली हवा बाहेर जाण्यासाठी मात्र एक लांब, बारीक नळी वेगळी लावावी लागते. पूर्वी पाण्यावर पातळ पॅराफिन तेलाचा थर देत असत. आता बहुतेक प्रयोगशाळांत लेसरची यंत्रे असल्याने आणि तेलाचा अंश त्यांना बाधत असल्याने ते टाळलेलेच बरे. रोजच्या पावसाची मिलिमीटरमध्ये नोंद ठेवावी, कारण पुढे सरासरी काढताना ८० मिलिमीटरच्या पावसाला आणि ४ मिलिमीटरच्या सरीला सारखे वजन देऊन चालत नाही. खोऱ्याची उंची आणि पाऊस बराच बदलत असेल, तर निदान दोन ठिकाणी कॅन ठेवावेत. उंचीनुसार पाऊस हलका होत जातो असा सर्वसाधारण नियम असला, तरी सह्याद्रीच्या पूर्वेकडे तो नियम तसाच लागू पडतो, असे गृहीत धरू नये.

विहिरींचा नमुना आपल्याकडे विशेष फसवा असतो. परदेशी मार्गदर्शिका अरुंद नळविहिरी धरून लिहिलेल्या असतात आणि त्यांत ‘आधी तीन पट पाणी उपसून टाका’ असे सांगितलेले असते. सहा-सात मीटर व्यासाच्या आणि बारा मीटर खोल विहिरीत ते शक्य नाही. अशा विहिरीत साठलेले पाणी उन्हाळाभर आकाशाखाली उघडे पडलेले असते, म्हणजे ते भूजल कमी आणि लहानसा तलाव जास्त असते. दोरीला बाटली बांधून वरचे पाणी काढले, तर बाष्पीभवन झालेला नमुना हाती येतो आणि पुढचे सर्व गणित चुकते. त्यापेक्षा शेतीपंपांच्या विजेची वेळ विचारून घ्यावी, मोटर काही तास चालून विहीर खाली गेली की जावे, आणि शक्य असेल तर बाजूच्या खडकातून पडणाऱ्या पाझराखालीच बाटली धरावी. रात्रपाळीची वीज असेल, तर पहाटे जावे लागते. त्याला इलाज नाही. हातपंप किंवा विंधन विहीर असेल, तर पाण्याचे तापमान आणि विद्युतवाहकता (पाण्यातील क्षारांचा अंदाज देणारे माप) स्थिर होईपर्यंत उपसा करून मग नमुना घ्यावा.

नदीत नमुना नेहमी वाहत्या धारेतून, पात्राच्या मध्याजवळ घ्यावा. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फुगवट्यातले पाणी हे साठ्याचे पाणी असते, म्हणून बंधाऱ्याच्या वर आणि खाली, असे दोन्हीकडचे नमुने वेगळे घ्यावेत. पुरात पात्रात उतरू नये. पुलावरून दोरीला बांधलेल्या बादलीने पाणी काढावे. प्रत्येक नमुन्यासोबत त्याच जागी विद्युतवाहकता आणि तापमान मोजावे आणि प्रवाह मोजण्याची काहीतरी सोय करावी. साधा तरंगता लिंबू, घड्याळ आणि पात्राचा छेद यांवरूनही उपयोगी आकडा मिळतो. पृष्ठभागाचा वेग सुमारे ०.८५ ने गुणला, की सरासरी वेगाचा अंदाज येतो. प्रवाह मोजला नाही, तर भूजलाचा वाटा टक्क्यांत कळेल, पण लिटरमध्ये कधीच कळणार नाही.

एका वर्षाचा हिशोब असा बसतो : नदीची ६ ठिकाणे महिन्यातून दोनदा म्हणजे १४४ नमुने, १० विहिरी चार वेळा म्हणजे ४०, पावसाचे ३० आणि एका पुराचे २०, मिळून २३४. ही संख्या झेपत नसेल, तर नदीची ठिकाणे कमी करावीत. विहिरी आणि पाऊस कमी करू नयेत.

प्रयोगशाळा

रुरकी येथील राष्ट्रीय जलविज्ञान संस्था आणि अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा या संस्थांचे या क्षेत्रात दीर्घ काळाचे काम आहे. याशिवाय अनेक विद्यापीठांत आता लेसर यंत्रे आहेत. नमुने पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : ऑक्सिजनसाठी अचूकता किती (०.१ प्रतिसहस्र चांगली), ड्यूटेरियमसाठी किती (०.५ ते १ चालते), आणि एका नमुन्याची किती वाचने घेऊन सुरुवातीची किती वगळतात. यंत्रात मागच्या नमुन्याचा अंश उरतो, म्हणून सहापैकी पहिली तीन वाचने सोडून देण्याची पद्धत आहे. आपल्याकडून दर दहा-पंधरा नमुन्यांमागे एकाच पाण्याच्या दोन बाटल्या वेगवेगळ्या क्रमांकाने पाठवाव्यात. प्रयोगशाळेवर अविश्वास म्हणून नव्हे, तर आपल्या हाताळणीची चूक किती आहे, हे आपल्यालाच कळावे म्हणून. साखर कारखाना किंवा आसवनीचे सांडपाणी मिसळलेले नमुने वेगळे कळवावेत, कारण त्यांतील अल्कोहोलसारखी बाष्पशील द्रव्ये लेसरच्या वाचनात ढवळाढवळ करतात.

पहिला आलेख

निकाल आले, की लगेच टक्केवारी काढायला बसू नये. आडव्या अक्षावर ऑक्सिजन-१८ आणि उभ्या अक्षावर ड्यूटेरियम घेऊन सर्व ठिपके मांडावेत, आपल्या पावसाच्या ठिपक्यांतून स्थानिक रेषा काढावी आणि शेजारी क्रेग यांची रेषा ठेवावी. पर्जन्यजलाच्या समस्थानिकांच्या जागतिक नोंदजाळ्यात मुंबई आणि नवी दिल्ली येथील जुन्या नोंदी आहेत, त्या संदर्भासाठी पाहता येतात. पण पर्जन्यछायेतल्या खोऱ्यासाठी मुंबईची रेषा वापरणे हा नाइलाज समजावा. एखाद्या विहिरीचा ठिपका रेषेपासून खूप उजवीकडे पडला, तर आधी बुचाचा आणि नमुना घेण्याच्या रीतीचा संशय घ्यावा, निसर्गाचा नंतर.

मिश्रणाचे गणित

पुराच्या प्रश्नात दोन स्रोत धरतात : आधीपासून जमिनीत असलेले ‘जुने’ पाणी आणि त्या दिवशी पडलेले ‘नवे’ पाणी. समजा, पुरापूर्वी ओढ्याचे आणि विहिरींचे ऑक्सिजन-१८ चे मूल्य −२.४ होते, त्या पावसाचे −७.४ आणि पुराच्या माथ्यावर नदीचे −३.९ आले. नदी आणि पाऊस यांतील फरक ३.५, विहीर आणि पाऊस यांतील फरक ५.०, भागाकार ०.७०. म्हणजे पुराच्या माथ्यावरही ७० टक्के पाणी जुने. पहिल्यांदा असा आकडा पाहिलेल्याचा विश्वास बसत नाही, परंतु १९७० च्या दशकापासून अनेक देशांतील लहान पाणलोटांत, विशेषतः दमट प्रदेशांत, पुरातले निम्म्याहून अधिक पाणी जुनेच असल्याचे पुन्हा पुन्हा आढळले आहे. पाऊस जमिनीत शिरतो आणि आधीचे पाणी पुढे ढकलतो.

आता त्रुटी पाहू. विहिरींच्या मूल्यात ०.३, पावसाच्या मूल्यात ०.८ आणि नदीच्या मूल्यात ०.१ इतकी अनिश्चितता धरली, तर प्रत्येकीला तिच्या वाट्याने (विहिरी ०.७, पाऊस ०.३, नदी १) गुणून येणाऱ्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ सुमारे ०.३३ येते, त्याला दोन स्रोतांमधल्या ५.० या फरकाने भागले, की ०.०७ उरते. उत्तर झाले ७० अधिक-उणे ७ टक्के. हेच दोन स्रोत एकमेकांपासून फक्त १.० ने वेगळे असते, तर तीच अनिश्चितता ३३ टक्के झाली असती आणि उत्तराला काही अर्थ राहिला नसता. म्हणून पावसाचे मूल्य विहिरीच्या जवळपास आले, तर तो पूर सोडून द्यावा आणि पुढच्याची वाट पाहावी. एका पावसातही सुरुवातीच्या आणि शेवटच्या सरींची मूल्ये वेगळी असतात, म्हणून शक्य असल्यास पाऊस टप्प्याटप्प्याने जमवावा.

येथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. ‘जुने पाणी’ म्हणजे ‘भूजल’ नव्हे. मातीच्या थरात महिनाभर अडकून राहिलेला ओलावासुद्धा जुन्याच पाण्यात मोजला जातो. समस्थानिक पाणी कधीचे, हे सुचवतात. ते कोणत्या वाटेने आले, हे सांगत नाहीत. वाट शोधण्यासाठी सिलिका, क्लोराइड किंवा निदान विद्युतवाहकता यांचा दुसरा आधार घेऊन तीन स्रोतांचे गणित मांडावे लागते.

कोरड्या महिन्यांतली खरी अडचण

जानेवारीत खालच्या कऱ्हेत नमुना घेतला आणि त्याचे ऑक्सिजन-१८ चे मूल्य −१.०, ड्यूटेरियमचे −६ आले, असे समजू. ड्यूटेरियम-आधिक्य झाले २. जवळच्या विहिरींत −२.४ आणि −९.२, म्हणजे आधिक्य १०. नदीचे पाणी आटलेले आहे, एवढे निश्चित. कारण आधिक्याच्या मोजमापातली चूक सुमारे १ असते आणि इथला फरक ८ आहे. पण ते कुठे आटले? स्थानिक पाझराचे पाणी उथळ पात्रात आणि बंधाऱ्यात पडून आटले असेल, किंवा धरणात आधीच आटलेले पाणी कालव्याने येऊन मिसळले असेल. आलेखावर या दोन्ही गोष्टी जवळजवळ एकाच दिशेला सरकलेल्या दिसतात.

इथे विद्युतवाहकता निकाल देते. पाझराचे पाणी नुसते आटले असेल, तर क्षार मागे राहतात आणि वाहकता वाढते. सह्याद्रीतून आलेले धरणाचे पाणी क्षारांनी विरळ असते, म्हणून ते थेट मिसळले असेल, तर आधिक्य घटते आणि वाहकताही घटते. कालव्याचे पाणी आधी उसाच्या शेतातून मुरून मग नदीत आले असेल, तर मात्र ते वाटेत क्षार उचलते आणि ही खूण पुसली जाते. अशा वेळी आवर्तन सुटण्यापूर्वी एकदा आणि बंद झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, त्याच ठिकाणांचे नमुने घ्यावेत. गावांचे सांडपाणीही अनेकदा मुळात धरणाचेच पाणी असते. त्याची ओळख क्लोराइड आणि नायट्रेटवरून पटते.

नेमका पाझर कोणत्या डोहात आहे, हे शोधायचे असेल, तर रेडॉन-२२२ उपयोगी पडतो. हा वायू खडकातून भूजलात येतो, त्याचे अर्धायुष्य ३.८२ दिवस असते आणि नदीत आल्यावर तो हवेत लवकर उडून जातो. म्हणून नदीत तो जिथे एकदम वाढलेला दिसतो, तिथेच जवळपास भूजल आत येत असते. ग्रॅनाइटच्या मानाने बेसॉल्टमध्ये युरेनियम कमी असल्याने येथे आकडे लहान येतात आणि मोजणीला अधिक वेळ द्यावा लागतो. भूजल किती वर्षांचे आहे, हा प्रश्न असेल, तर १२.३ वर्षे अर्धायुष्य असलेल्या ट्रिटियमकडे वळावे लागते. त्यासाठी नमुना अर्धा ते एक लिटर लागतो आणि निकालाला बराच वेळ लागतो. पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नये.

पावसाच्या आणि नदीच्या मूल्यांवर वर्षभराची लाटेसारखी वक्ररेषा बसवून ‘तरुण पाण्याचा’, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांत पडलेल्या पावसाच्या पाण्याचा, वाटा काढण्याची रीत अलीकडे लोकप्रिय झाली आहे. जिथे बाराही महिने पाऊस पडतो, तिथे ती शोभते. जिथे वर्षाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो आणि उरलेल्या महिन्यांत कॅन कोरडाच राहतो, तिथे ती वापरताना वक्ररेषेचा अर्धा भाग ठिपक्यांविनाच काढावा लागतो, आणि अशा रेषेवर निष्कर्ष उभारणे मला पटत नाही.

प्रत्येक नमुन्याची दुसरी भरलेली बाटली निकाल पूर्ण समजेपर्यंत थंड आणि अंधाऱ्या जागी जपून ठेवावी. सहा महिन्यांनी ती पुन्हा तपासायची वेळ आली, तर आधी तिचे वजन भरतानाच्या नोंदीशी ताडून पाहावे. वजन घटलेले असेल, तर ते पाणी आता त्या नदीचे राहिलेले नसते.